डेस्कटॉपचा प्रोग्राम ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवायचा असेल तर

प्रोग्राम एका कॉम्प्युटरवर आहे आणि तुम्ही दुसऱ्याच यंत्रासमोर बसला आहात. त्या यंत्रावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, किंवा तुमच्या हातात टॅबलेट आहे आणि हवा तो प्रोग्राम टॅबलेटसाठी निघालेलाच नाही. ब्राउझर मात्र आहे. अशा वेळी तोच प्रोग्राम, त्याच्या मूळ मेनूंसकट आणि बटणांसकट, ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडता येतो. मी रोज असंच काम करते. ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांनाही एका बैठकीत जमेल, असं मला अनुभवावरून खात्रीनं वाटतं.

पण काहीही डाउनलोड करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःशी पक्कं करा: प्रोग्राम नेमका चालणार कुठे? तुमच्या ब्राउझरच्या आत, की दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर? टॅबमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइल कुठे सेव्ह होणार, वेग कशावर ठरणार, टॅब बंद केल्यावर काम थांबणार की चालू राहणार, पासवर्ड किती गरजेचा, या सगळ्याची उत्तरं या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. नवशिक्यांच्या ज्या अडचणी माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बहुतेक इथेच सुरू झालेल्या असतात.

एक सूचना आधीच देते. या लेखात कमांड, फोल्डर किंवा चल (व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला दिलेली एखादी सेटिंग) यांचं नाव मी देवनागरीत आणि अवतरणचिन्हांत लिहिलं आहे. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच करायचं.

आधी वायफाय बंद करून बघा

इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर जुन्या सॉफ्टवेअरचा मोठा संग्रह आहे. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे सुमारे २,४०० गेम ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. त्यातला कुठलाही एक उघडा. मधल्या मोठ्या बटणावर क्लिक केलं की डाउनलोडची पट्टी भरत जाते आणि मग काळ्या पडद्यावर प्रोग्राम सुरू होतो. तो नीट चालू लागला की वायफाय बंद करा.

काहीच बिघडत नाही. कर्सर हलतो, बटणं चालतात. प्रोग्राम आणि त्याला लागणारा डॉस एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) असं सगळं तुमच्या ब्राउझरमध्ये उतरलेलं आहे. राबतोय तो तुमचाच प्रोसेसर. फोनवर हा प्रयोग केला तर थोड्या वेळात फोन गरम लागेल, तोही त्याचाच पुरावा.

आता पान रिफ्रेश करा, अर्थात वायफाय परत चालू करून. केलेलं काम बहुधा गेलेलं असेल. प्रोग्रामनं फाइल 'सेव्ह' केली होती खरी, पण त्याला दिसणारी डिस्क ब्राउझरच्या मेमरीत उभी केलेली होती. टॅबचं आयुष्य तेच त्या डिस्कचं आयुष्य. काही साइट ही डिस्क ब्राउझरच्या साठ्यात जपून ठेवतात, पण तुम्ही ब्राउझरचा डेटा साफ केला की तीही जाते.

ही झाली पहिली जात. तिच्या मुळाशी असलेलं तंत्र म्हणजे वेबअसेंब्ली. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम ब्राउझरला समजेल अशा सांकेतिक रूपात कम्पाइल करता येतो. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरमध्ये वेबअसेंब्ली आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. १९८२ साली पहिल्यांदा आलेल्या ऑटोकॅडची २०१८ची वेब आवृत्ती याच वाटेनं, त्यांच्या जुन्या सी++ कोडमधून निघाली. फोटोशॉपही २०२१ मध्ये याच तंत्रावर ब्राउझरमध्ये आला.

पण हे काम प्रोग्राम बनवणाऱ्यांनीच करायचं असतं. वापरणाऱ्याच्या हातात एवढंच की अशी आवृत्ती आहे का ते शोधायचं, आणि असेल तर बिनधास्त वापरायची. तिच्या मर्यादा लक्षात असू द्या. नेहमीच्या ३२-बिट वेबअसेंब्लीला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी वापरता येत नाही, त्यामुळे अवजड फाइलवर टॅब कोसळू शकतो. शिवाय ब्राउझर तिला तुमच्या डिस्कवर मोकाट फिरू देत नाही. फाइल तुम्ही निवडून द्यायची आणि तयार झालेली डाउनलोड करून घ्यायची.

तुम्हाला हवा असलेला प्रोग्राम या जातीत सापडला नाही, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

दुसरी जात: प्रोग्राम तिकडे, चित्र इकडे

इथे प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेहमीसारखा चालतो. फक्त त्याची खिडकी खऱ्या मॉनिटरवर उमटण्याऐवजी मेमरीतल्या एका काल्पनिक पडद्यावर उमटते. त्या पडद्याचं चित्र तुमच्या ब्राउझरकडे येतं आणि तुमचा माउस व कीबोर्ड उलट दिशेनं तिकडे जातो.

हे पोहोचवण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे व्हीएनसी. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत ती १९९०च्या दशकात तयार झाली. ब्राउझरला थेट व्हीएनसी बोलता येत नाही, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. २०११ मध्ये वेबसॉकेटचं मानक ठरलं. त्यानं ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी वाट मिळाली. 'वेबसॉकिफाय' नावाचा छोटा प्रोग्राम त्या वाटेवर दुभाष्याचं काम करतो, आणि 'नोव्हीएनसी' हे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं पान ते चित्र टॅबमध्ये रंगवतं.

थोडं गणित करून बघण्यासारखं आहे, कारण वेगाबद्दलच्या सगळ्या शंका त्यातून सुटतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्राचे सुमारे ८३ लाख बाइट होतात, म्हणजे ८ एमबीपेक्षा जास्त. सेकंदाला अशी ३० चित्रं पाठवायची म्हटली तर जवळजवळ २५० एमबी. घरातलं साधं वायफाय एवढा भार पेलणार नाही. म्हणून व्हीएनसी पूर्ण चित्र पाठवतच नाही. मागच्या वेळेपासून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढेच चौकोन, तेही दाबून लहान करून, पाठवते. मेनू उघडला तर मेनूपुरता चौकोन येतो. तुमच्याकडून जाणारा मजकूर तर अगदीच चिमुकला असतो: माउसच्या एका हालचालीला ६ बाइट आणि एक कळ दाबली की ८ बाइट, सोडली की आणखी ८.

म्हणजे फॉर्म भरणं, सेटिंग बदलणं, यादीतून फाइल निवडणं असली कामं या पद्धतीनं सुरेख होतात. पूर्ण पडदाभर व्हिडिओ बघणं किंवा त्रिमितीय गेम खेळणं होत नाही, कारण तिथे दर क्षणी सगळाच पडदा बदलत असतो. व्हीएनसीच्या मूळ भाषेत आवाजाला जागाच नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

आता प्रत्यक्ष करून बघू

उदाहरणासाठी मी हँडब्रेक निवडला आहे. तो व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलतो, फुकट आहे आणि त्याचं काम जड असल्यामुळे ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर ढकलण्यात अर्थ आहे. वर लिहिलेली सगळी साखळी, म्हणजे काल्पनिक पडदा, व्हीएनसी, दुभाषा आणि नोव्हीएनसीचं पान, एका डब्यात भरून ठेवलेली तयार मिळते. या डब्याला कंटेनर म्हणतात आणि तो चालवतो डॉकर.

पहिलं काम म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालणार आहे त्यावर डॉकर डेस्कटॉप इन्स्टॉल करणं. विंडोज असेल तर त्याआधी टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' लिहिलंय का बघा. नसेल तर ते कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. त्याशिवाय डॉकर उभाच राहणार नाही. रॅम ८ जीबी तरी असावी. ४ जीबीवर ओढाताण होते.

मग तीन रिकामे फोल्डर बनवा. नावं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. एक सेटिंगसाठी, एक मूळ व्हिडिओंसाठी, एक तयार व्हिडिओंसाठी. मूळच्या फोल्डरमध्ये एखादा छोटा, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ टाकून ठेवा. पहिल्याच वेळी दोन तासांची फाइल घेऊ नका. काही चुकलं तर ते दोन तासांनी कळेल.

डॉकर डेस्कटॉपच्या वरच्या शोधपट्टीत 'हँडब्रेक' शोधा. अनेक नावं येतील. त्यातली 'जेलेसाज' या खात्याची इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा, घ्या. खात्याचं नाव इंग्रजीत जे, एल, ई, एस, ए, जी, ई अशा अक्षरांनी लिहिलेलं दिसेल. या खात्यानं अनेक डेस्कटॉप प्रोग्राम याच पद्धतीनं बांधून ठेवले आहेत, त्यामुळे एक जमला की बाकीचेही जमतात. 'पुल' वर क्लिक केलं की इमेज उतरते.

आता इमेजच्या यादीत तिच्यासमोरचं 'रन' दाबा. एक छोटी खिडकी येईल. इथे घाईनं परत 'रन' दाबू नका. त्या खिडकीत 'ऑप्शनल सेटिंग्ज' नावाची घडी आहे, ती उलगडा. खरं काम सगळं तिथेच आहे.

कंटेनरला स्वतःचं नाव द्या. दिलं नाही तर डॉकर मनानं विचित्र नाव ठेवतो आणि महिन्याभरानं ते कुणाचं हे आठवत नाही.

पोर्टच्या, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या क्रमांकित दारांच्या, जागी ५८०० आणि ५९०० दिसतील. ५८०० हे ब्राउझरसाठी, ५९०० हे वेगळा व्हीएनसी प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी. ५८०० समोरच्या चौकटीत ५८०० लिहा. ५९०० समोरची चौकट रिकामी सोडा. जे दार वापरायचं नाही ते उघडायचंच कशाला?

पुढे 'व्हॉल्यूम्स'. इथे डावीकडे तुमच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर निवडायचा आणि उजवीकडे तो कंटेनरच्या आत कुठल्या नावानं दिसावा ते लिहायचं. सेटिंगच्या फोल्डरसमोर '/कॉन्फिग', मूळ व्हिडिओंच्या फोल्डरसमोर '/स्टोरेज', तयार व्हिडिओंच्या फोल्डरसमोर '/आउटपुट'. सगळी अक्षरं लहान, सुरुवातीला तिरपी रेघ. प्रत्येक जोडीनंतर अधिकचं चिन्ह दाबून नवी ओळ घ्या.

शेवटी 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'. इथे 'व्हीएनसी_पासवर्ड' हे नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर देऊन लिहा आणि समोर पासवर्ड द्या. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात, नवव्यापासून पुढचं गळून जातं. त्यामुळे लांबलचक वाक्य देऊन निश्चिंत होऊ नका. आठ अक्षरं, पण कुणाला सुचणार नाहीत अशी. दुसरं चल 'सिक्युअर_कनेक्शन', त्याच्यासमोर १ लिहा. त्यानं ब्राउझर आणि कंटेनर यांच्यातली देवाणघेवाण कूटबद्ध होते.

आता 'रन'. ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या पट्टीत आधी 'एचटीटीपीएस', कोलन, दोन तिरप्या रेघा, मग 'लोकलहोस्ट' (म्हणजे हाच कॉम्प्युटर), कोलन, ५८०० असं टाइप करा. ब्राउझर इशारा देईल की प्रमाणपत्र ओळखीचं नाही. ते बरोबरच आहे, कारण प्रमाणपत्र कंटेनरनं स्वतःच बनवलेलं आहे. तुम्हीच उभ्या केलेल्या, तुमच्याच घरातल्या पत्त्यापुरता तो इशारा ओलांडून पुढे जा. पासवर्ड द्या. टॅबमध्ये हँडब्रेकची खिडकी उघडेल.

'ओपन सोर्स' दाबा. फाइल निवडायची खिडकी येईल. त्या खिडकीकडे क्षणभर नीट बघा. तुमचा डेस्कटॉप नाही, तुमचे ओळखीचे फोल्डर नाहीत, 'सी' ड्राइव्ह नाही. लिनक्सची झाडासारखी रचना दिसते, कारण कंटेनरच्या आत लिनक्स आहे आणि प्रोग्रामला फक्त त्या डब्यातलं जग दिसतं. त्या जगाला तुम्ही तीन खिडक्या पाडल्यात, त्यातली एक 'स्टोरेज'. तिथे जा, मघाचा व्हिडिओ निवडा. खाली सेव्ह करायची जागा 'आउटपुट' आहे याची खात्री करा आणि 'स्टार्ट' दाबा.

टक्के वाढू लागले की टॅब सरळ बंद करा. अर्ध्या मिनिटानं परत तोच पत्ता उघडा. काम पुढे सरकलेलं दिसेल. टॅब हा नुसता आरसा होता. त्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम तुमच्याविनाही राबत होता.

दुसऱ्या यंत्रावरून उघडायचं असेल तर 'लोकलहोस्ट'च्या जागी त्या कॉम्प्युटरचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता लिहा, साधारण १९२.१६८ नं सुरू होणारा. फायरवॉलनं परवानगी मागितली तर फक्त खाजगी नेटवर्कसाठी द्या. टॅबलेटवरून उघडल्यावर मघाचा वायफायचा प्रयोग पुन्हा करा. या वेळी वायफाय बंद करताच चित्र गोठेल. ज्या कॉम्प्युटरवर कंटेनर आहे त्याच्यावरच टॅब उघडला असेल तर काही गोठणार नाही, कारण तिथे मध्ये वायफाय येतच नाही.

फाइल हरवण्याची एकच वाट

याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण यात माझ्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालंय. एका सहकारी ताईंना मी चित्रं सुधारायचा एक प्रोग्राम असाच टॅबमध्ये लावून दिला होता. त्या पूर्ण दुपारभर बसून काम करत होत्या आणि मधूनमधून सेव्हही करत होत्या. प्रोग्रामनं आपणहून पुढे केलेला 'होम' फोल्डर त्यांनी स्वीकारला, जसं कुणीही करेल. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी पासवर्ड द्यायला विसरले आहे. चालू कंटेनरची चलं बदलता येत नाहीत, म्हणून मी तो पुसला आणि पासवर्डसकट नवा बनवला. 'होम' फोल्डर जोडलेल्या तिन्ही फोल्डरांच्या बाहेर होता, कंटेनरच्या पोटात. कंटेनर गेला, त्याबरोबर दुपारभराचं काम गेलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून कुणालाही हे लावून देताना मी पहिली दहा मिनिटं फक्त फाइलवर घालवते. एक रिकामी फाइल त्यांनाच सेव्ह करायला सांगते, मग ती कॉम्प्युटरच्या खऱ्या फोल्डरमध्ये दिसते का ते त्यांच्याच डोळ्यांनी बघायला लावते. मग त्यांच्यासमोर कंटेनर पुसते, नवा बनवते आणि फाइल जागेवर आहे हे दाखवते. तुम्हीही खऱ्या कामाला हात लावण्याआधी हा प्रयोग एकदा कराच. जोडलेल्या फोल्डरमधलं काहीही कंटेनर पुसल्यानं जात नाही. बाहेरचं सगळं जातं. कंटेनर थांबवणं आणि पुसणं यातही फरक आहे: थांबवलेला परत सुरू केला तर पोटातल्या फाइल तशाच असतात.

कॉम्प्युटर लिनक्सचा असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. कंटेनर आतून १००० क्रमांकाचा वापरकर्ता म्हणून फाइल लिहितो. तुमच्या वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा असेल तर सेव्ह करताना परवानगी नाकारली जाते. टर्मिनलमध्ये 'आयडी' ही कमांड द्या, तुमचे क्रमांक दिसतील, आणि ते 'युजर_आयडी' व 'ग्रुप_आयडी' या चलांमध्ये भरा.

कळा, कॉपी-पेस्ट आणि देवनागरी

टॅबमधल्या प्रोग्राममध्ये काम करता करता हात सवयीनं कंट्रोल आणि डब्ल्यूकडे जातो आणि प्रोग्राममधली खिडकी बंद होण्याऐवजी टॅबच बंद होतो. कंट्रोल-टी आणि कंट्रोल-एनचंही तसंच. या कळा ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, पानापर्यंत जाऊ देत नाही. काम बुडत नाही, कारण प्रोग्राम तिकडे चालूच असतो, पण दचकायला होतं. अशा कामांसाठी मेनू वापरायची सवय लावून घ्या.

कॉपी-पेस्टसाठी टॅबच्या कडेला एक लपलेली पट्टी असते, तिच्यात क्लिपबोर्डची चौकट मिळते. तुमच्याकडचा मजकूर आधी त्या चौकटीत टाकायचा, मग आतल्या प्रोग्राममध्ये पेस्ट करायचा. उलट दिशेनंही तसंच. ब्राउझर क्लिपबोर्डला थेट हात लावू देतो तो सुरक्षित पत्त्यावरच, हेही 'सिक्युअर_कनेक्शन' चालू ठेवण्याचं एक कारण. त्याच पट्टीत चित्राची गुणवत्ता आणि कॉम्प्रेशन कमी-जास्त करायची सोय असते. माउस मागे रेंगाळतोय असं वाटलं तर गुणवत्ता थोडी उतरवा, फरक लगेच जाणवतो.

तुमच्या फाइलींची नावं मराठीत असतील तर हँडब्रेकच्या यादीत अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसतील. घाबरू नका, नाव बिघडलेलं नाही. कंटेनरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, एवढंच. 'इन्स्टॉल_पॅकेजेस' या चलात 'फॉन्ट-नोटो-देवनागरी' हे पॅकेज लिहिलं की सुरू होताना तो फॉन्ट आत बसतो. मराठी टायपिंग मात्र या वाटेनं धड होईलच असं नाही. कळ कुठे, कीबोर्डची मांडणी कुठे आणि तिचा अर्थ लावणारा कुठे, असा तो त्रिकोण आहे. मी मराठी मजकूर बाहेर टाइप करून क्लिपबोर्डच्या चौकटीतून आत नेते.

पासवर्ड आहे म्हणून दार रस्त्यावर उघडू नका

डॉकर उघडतो ते पोर्ट साधारणपणे त्या कॉम्प्युटरच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतं. लिनक्सवर तर 'यूएफडब्ल्यू' फायरवॉल लावलेली असली तरी डॉकर तिला वळसा घालून जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून पासवर्ड ही पहिल्या दिवसापासूनची गोष्ट आहे. टॅब उघडणाऱ्याला प्रोग्रामसोबत त्याची फाइल उघडायची खिडकीही मिळते, म्हणजे जोडलेले फोल्डर सगळे मिळतात. याच कारणासाठी पूर्ण डिस्क जोडू नका, कामापुरता फोल्डर जोडा.

बाहेरगावाहून वापरायचं झालं तर राउटरवर ५८०० पोर्ट बाहेरच्या जगाला उघडायचं नाही. आठ अक्षरांचा पासवर्ड आणि अख्खं इंटरनेट ही जोडी जमणारी नाही. वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची कूटबद्ध खाजगी वाट, लावा, किंवा एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या बोगद्यातून या. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर कंटेनरच्या पुढे ठेवायची तुमची तयारी असेल तर दोन गोष्टी सांभाळा. वेबसॉकेटसाठी लागणारे 'अपग्रेड'चे हेडर (ब्राउझरच्या विनंतीसोबत जाणाऱ्या सूचना) तो आपणहून पुढे देत नाही, ते लिहून द्यावे लागतात. नाही दिले तर पान उघडतं पण चित्र येत नाही. आणि त्याची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंदांची असते. पडद्यावर काही हललं नाही तर बरोबर मिनिटभरानं संपर्क तुटतो. दर मिनिटाला तुटतंय अशी तक्रार आली की मी आधी हाच आकडा बघते.

काही बिनसलं तर

पान अजिबात उघडत नसेल तर डॉकर डेस्कटॉपमध्ये कंटेनरच्या नावावर क्लिक करा आणि 'लॉग्ज' वाचा. खालच्या दहा ओळींत बहुतेक वेळा कारण लिहिलेलं असतं. पोर्ट दुसऱ्या कुणी धरलेलं असेल तर बाहेरचा आकडा बदलून ५८०१ करा, आतला ५८०० तसाच ठेवा. पान उघडतं पण पासवर्ड विचारतच नाही, तर चलाच्या नावातली अक्षरं तपासा. एक अक्षर चुकलं तरी डॉकर काहीच बोलत नाही, ते चल मुकाट्यानं वाया जातं.

कंटेनरच्या आत ब्राउझरसारखा मेमरीखाऊ प्रोग्राम चालवला आणि तो सारखा कोसळायला लागला, तर सामायिक मेमरी तपासा. डॉकर ती मुळात फक्त ६४ एमबी देतो. ती वाढवायची सोय कमांडमधूनच आहे, 'एसएचएम-साइज' या पर्यायानं. १ जीबी दिली की प्रश्न सुटतो.

तुमचा प्रोग्राम फक्त विंडोजचा असेल

मग हा डबा उपयोगाचा नाही. तिथे अपाची ग्वाकामोली बघा. ते विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपशी, म्हणजे ३३८९ पोर्टशी बोलतं आणि तो पडदा ब्राउझरमध्ये आणून देतं. रिमोट डेस्कटॉपमधून आवाजही येतो. दोन गोष्टी आधी बघून घ्या: विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपनं आत यायची सोय नसते, प्रो लागते. आणि ग्वाकामोलीचं सुरुवातीचं वापरकर्तानाव व पासवर्ड दोन्ही 'ग्वाकअॅडमिन' असतात, सगळ्या जगाला माहीत असलेले. आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे नवा वापरकर्ता बनवून तो जुना काढून टाकणं.

लिनक्सवर स्वतः इन्स्टॉल केलेला, डब्यात न मिळणारा प्रोग्राम असेल तर एक्सप्रा वापरून बघा. ते संपूर्ण डेस्कटॉपऐवजी एकेका प्रोग्रामच्या खिडक्या आणून देतं आणि त्याचं स्वतःचं ब्राउझरमधलं पान आहे.

काम संपल्यावर टॅब बंद करून उठू नका. टॅब बंद केल्यानं काही थांबत नाही, हे मघाशी बघितलंच. कंटेनर मेमरी धरून बसतो आणि पोर्ट उघडंच राहतं. डॉकर डेस्कटॉपमध्ये कंटेनरच्या यादीत जा आणि नावासमोरचं चौकोनी 'स्टॉप' बटण दाबा. पुढच्या वेळी त्याच जागी त्रिकोणी 'स्टार्ट' असेल. पोर्ट, फोल्डर आणि पासवर्ड सगळं जसं लावलं होतं तसंच परत मिळेल.